बारदानाचा हिशेब

(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही या व्यासपीठावर येताना खिशात एक धागा घेऊन आलो आहोत. वीतभर लांब, पांढरा. मागे बसलेल्यांना तो दिसणार नाही. कापसाच्या ढिगात पडला तर पुढे बसलेल्यांनाही दिसणार नाही. पण या धाग्यापायी आमच्या गावच्या एका गाडीभर कापसाचा भाव पडला, म्हणून त्याची ओळख करून देतो.

कापूस पहिल्या वेचणीचा होता. कोरडा, पांढराशुभ्र. गाडी जिनिंगवर लागली. ग्रेडरने ढिगात हात घातला, दोन धागे ओढून काढले आणि म्हणाला, "माल कचऱ्याचा आहे." दोन धाग्यांसाठी सगळ्या गाडीचा भाव उतरला. आम्ही भांडलो आणि नेहमीप्रमाणे हरलो. भाड्याची गाडी भरलेली परत न्यायची म्हणजे दुप्पट भाडे. त्यापेक्षा पडेल त्या भावात माल टाकणे शेतकऱ्याला परवडते, हे समोरच्यालाही ठाऊक असते.

घरी आल्यावर एक धागा काडी लावून पेटवला. सुताचा धागा जळतो तेव्हा कागद जळाल्याचा वास येतो आणि चिमूटभर राख उरते. हा धागा जळला नाही, वितळला. त्याची कडक गोळी झाली. तो युरियाच्या पोत्याचा धागा होता. वेचणीला आमच्याकडे तीच रिकामी पोती होती. तुमच्याकडेही तीच असतात.

व्यापाऱ्याने लुटले असे म्हणून आम्ही गप्प बसलो असतो, तर गोष्ट तिथेच संपली असती. लुटले हे खरेच आहे. पण पुढे चौकशी केली तेव्हा दुसरी बाजूही कळली. हा धागा जिनमध्ये तुटतो, त्याचे बारीक तुकडे रुईत मिसळतात, सूतगिरणीत ते सुतात जातात. कापड रंगवले की सुताला रंग चढतो आणि प्लॅस्टिकला चढत नाही. मग रंगीत कापडावर पांढरे ठिपके उठतात आणि ठाणच्या ठाण बाद होते. जगभरच्या सूतगिरण्यांच्या पाहण्यांत भारतातल्या कापसाच्या काही जाती अशा कचऱ्यासाठी वर्षानुवर्षे बदनाम आहेत. सरकारने 2000 साली कापूस तंत्रज्ञान अभियान काढले, त्यात जिनिंग सुधारण्याचा एक वेगळा विभाग ठेवला. 2020 साली भारतीय कापसाला 'कस्तुरी' असे नाव देऊन स्वच्छ माल म्हणून जगापुढे मांडायचे ठरले. गोदामे सुधारली, यंत्रे सुधारली. पण ज्या पोत्यात कापूस वेचला जातो, त्या पोत्याची आठवण कुणाला झाली नाही.

म्हणून आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही, पोत्यावर बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, कचरा हा काय शेतकऱ्याच्या मेळाव्यात बोलायचा विषय आहे? तो विषय शहरातल्या सुखवस्तू माणसांचा. थोडा धीर धरा. हा स्वच्छतेचा उपदेश नाही. हातात झाडू घेऊन गाव झाडायला शिकवणारे गाडगेबाबा या वऱ्हाडच्या मातीतलेच. तो धडा आपल्याला कुणी नव्याने द्यायला नको. आम्ही बोलणार आहोत तो हिशेब आहे.

उकिरड्याचे दिवाळे

आपल्या घरात पूर्वी कचरा नव्हता, उकिरडा होता. चुलीतली राख, गोठ्यातले शेण, जनावराने सोडलेला कडबा, भाजीची देठे, फुटलेले मडके, फाटके तरट, सगळे तिथे जायचे आणि उन्हाळ्यात शेणखत होऊन रानात जायचे. तागाचे पोते आधी ज्वारीला, मग कडधान्याला, मग अंथरायला, मग गोठ्यात, आणि शेवटी कुजून पुन्हा जमिनीत. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी म्हण आपल्यात आहे. आपण तर त्याचे पांग दरवर्षी फेडत होतो.

आता उन्हाळ्यात शेणखताची गाडी रानात ओतून पाहा. खताबरोबर काय काय पसरते? दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, शाम्पूच्या पुड्या, बिस्किटाचे कागद, बियाण्याचे पाकीट. वखराच्या पासेत चिंध्या गुंडाळल्या जातात आणि दर दोन तासांनी बैल थांबवून पास सोडवावी लागते. हे कुजत नाही. मुलाच्या लग्नाच्या साली पसरलेली पिशवी नातवाच्या लग्नातही तिथेच सापडेल.

आणि जनावरांचे काय? पिशवीला खरकट्याचा, मिठाचा वास असतो. गाय पिशवीसकट गिळते. पोटात तिचा गोळा होतो, तो पुढे जात नाही, बाहेर येत नाही. गाय खाते पण अंगी लागत नाही, दूध आटते, एक दिवस पोट फुगते. डॉक्टरने पोट फाडून काढलेला असा गोळा ज्याने पाहिला आहे, त्याला आम्ही वेगळे काही सांगायला नको.

विकताना एक न्याय, घेताना दुसरा

आता खऱ्या मुद्द्याकडे येऊ.

तुम्ही ज्वारीचे पोते बाजारात नेता. काट्यावर ठेवले की पहिल्यांदा काय होते? बारदान वजा होते. पोत्याचे वजन कापले जाते, कित्येकदा असते त्याहून जास्त कापले जाते. न्याय असा की खरेदीदार ज्वारीचे पैसे देतो, पोत्याचे का द्यावेत? ठीक आहे, मान्य.

आता तुम्ही घ्यायला जाता. बियाण्याचे पाकीट, औषधाची बाटली, बाटलीवरचा पुठ्ठ्याचा खोका, खोक्यातली माहितीपत्रिका, मोजायचे टोपण, खताचे पोते आणि पोत्याच्या आतली पातळ पिशवी. आत माल किती भरला ते कायद्याने वर छापलेले असते. पण किमतीत या साऱ्या बारदानाचा खर्च धरलेला असतो. तो कुणी वजा करतो का? बियाणे पेरले, औषध फवारले, खत टाकले, आणि मग उरलेले बारदान कुणाचे? तुमचे. ते ठेवायची जागा तुमची, त्याचा धूर तुमच्या घरात, त्याची चिंधी तुमच्या वखरात, त्याचा धागा तुमच्या कापसात.

म्हणजे विकताना बारदान आपल्या हिशेबात वजा, आणि घेताना बारदान आपल्या माथी जमा. जो माल विकतो तो बारदानातून मोकळा होतो. आणि ज्याने एकदा बारदानाचे पैसे दिले आहेत, तोच ते संपवायचा खर्च दुसऱ्यांदा भरतो. भाव कापला गेला की तिसऱ्यांदा भरतो.

शहराचे बघा. तिथे दारात घंटागाडी येते. पण ती जाते कुठे? पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात पडत आला. तिथल्या विहिरींचे पाणी नासले, लोकांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या. इंडियाचा कचरा भारताच्या शिवारात, आणि भारताचा कचराही भारताच्याच शिवारात.

भंगारवाला काय नेतो, काय टाकतो

गावात भंगारवाला येतो. कांदे-लसूण देतो, चार पैसे देतो आणि भंगार नेतो. त्याला कुणी पगार देत नाही. तरीही तालुक्याच्या भागात टाकलेल्या वस्तू पुन्हा वापरात नेण्याचे खरे काम तोच करतो. तो काय नेतो ते पाहा: लोखंड, पत्रा, तांबे, पुठ्ठा, फुटकी बादली, पाण्याची बाटली, जाड प्लॅस्टिक. काय नेत नाही? शाम्पूची पुडी, कुरकुऱ्याचे पाकीट, गुटख्याची पुडी, चिखलाने भरलेली पातळ पिशवी.

का नेत नाही? बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात एक आकडा असतो, तो पाहायची सवय लावा. 1 म्हणजे पाण्याच्या बाटलीचे प्लॅस्टिक, 2 म्हणजे डबे-कॅनचे जाड प्लॅस्टिक, 4 म्हणजे पातळ पिशवीचे, 5 म्हणजे खताच्या विणलेल्या पोत्याचे. हे एकेक जातीचे असते, वितळवून पुन्हा वापरता येते, म्हणून त्याला भाव आहे. 7 म्हणजे इतर. चकचकीत पुडीत प्लॅस्टिक, ॲल्युमिनियमचा पापुद्रा आणि पुन्हा प्लॅस्टिक असे थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सोडवायला जो खर्च येतो तो त्या पुडीच्या किमतीहून जास्त. म्हणून तिला भंगारातही किंमत नाही. म्हणजे आपल्या घरात जास्तीत जास्त येते तेच, जे कुणीच परत घेत नाही.

ही वस्तू अशी बनवायचे कुणी ठरवले? आपण नाही. ज्या घरात रोख पैसा सुगीलाच येतो, ते घर एक-दोन रुपयांची पुडीच घेणार. पुडी घेण्यात घरातल्या माउलीचा दोष नाही. पण ती पुडी कुठे जाणार, याचा विचार ती बनवणाऱ्याने करायला हवा होता.

विषाची रिकामी बाटली

या सगळ्या बारदानात एक बारदान वेगळे आहे. औषधाची बाटली. आपण तिला औषध म्हणतो, पण ते विष आहे. 2017 च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ती माणसे आपल्यातली होती. त्या वेळी फवारणीच्या पंपाची, औषधांच्या मिश्रणाची, हातमोज्यांची चर्चा झाली. रिकाम्या बाटलीची चर्चा झाली नाही.

रिकामी म्हणतो ती बाटली रिकामी नसते. आत औषध चिकटलेले असते. ती बांधावर पडते, नाल्यात जाते, लेकरांच्या हातात जाते. कुठे कुठे ती धुऊन तेलाला, रॉकेलला, रानात पाणी न्यायलाही वापरतात. मायबहिणींनो, हे आजपासून बंद करा. ती बाटली कितीही धुतली तरी पाण्याची होत नाही. आणि ती घरच्या भंगारातही देऊ नका. त्या प्लॅस्टिकचे पुढे काय बनेल याचा नेम नाही. उद्या त्याचीच बादली घरात येईल.

कायदा काय म्हणतो? कीटकनाशक नियम 1971 मधला 44 वा नियम सांगतो की रिकामी बारदाने पुन्हा वापरली जातील अशी उघड्यावर टाकू नयेत, ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत. पन्नास वर्षांहून जुना हा नियम. आणि त्याचे पालन करायला तुमच्या दारात आजवर कोण आले? पुरायची जमीन कुणाची? आपलीच. खड्डा कोण खणणार? आपणच.

दुसरीकडे काय करतात ते पाहू. ब्राझील आपल्यासारखाच कापूस पिकवणारा देश. तिथे 2000 साली कायदा झाला. शेतकऱ्याने बाटली तीनदा विसळायची, भोक पाडायचे आणि वर्षाच्या आत पावतीवर लिहिलेल्या ठिकाणी परत करायची. दुकानदाराने परतीची सोय ठेवायची. तिथून पुढे उचलून नेणे आणि विल्हेवाट लावणे ही कंपन्यांची जबाबदारी. कंपन्यांनी त्यासाठी स्वतःची एक संस्था उभी केली, 2002 पासून तिचे काम सुरू झाले. आज तिथे औषध ज्यात भरलेले असते त्या प्लॅस्टिकपैकी शंभरातले नव्वदहून अधिक परत जाते. शेतकरी तिथला शहाणा आणि इथला अडाणी, असे नाही. तिथे परत द्यायला जागा आहे आणि घेणारा आहे.

कागदावरचे नियम

आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. 2011 च्या नियमांनी गुटखा-तंबाखूच्या पुडीला प्लॅस्टिक वापरायला बंदी केली. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यालाच बंदी झाली. पुडी अजून बांधावर सापडते. 2016 च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनी पहिल्यांदा ग्रामपंचायतीवर जबाबदारी टाकली आणि उत्पादकाने आपला कचरा परत गोळा करावा असेही म्हटले. त्याच नियमांत, पुन्हा वापरता न येणारी थरांची पुडी दोन वर्षांत बंद करायची होती. दोन वर्षे भरली, आणि मार्च 2018 मध्ये शब्द बदलले. ज्या पुडीचा जाळून उष्णतेसाठी किंवा दुसऱ्या कशासाठी तरी उपयोग होऊ शकतो, ती बंदीतून सुटली. म्हणजे जवळजवळ प्रत्येक पुडी सुटली. त्याच महिन्यात महाराष्ट्राने प्लॅस्टिकबंदी केली. तिचा दंड हातगाडीवाल्याला आणि भाजीवालीला झाला. चकचकीत पुडी तशीच राहिली.

2022 पासून उत्पादकांवर वजनाप्रमाणे जबाबदारी आली. जितके प्लॅस्टिक बाजारात आणले, त्या प्रमाणात पुन्हा वापरात नेल्याचे दाखवायचे. चांगले आहे. पण कंपनीने स्वतः उचलायलाच हवे असे नाही. दुसऱ्याने उचलल्याचे प्रमाणपत्र विकत घेतले तरी चालते. 2023 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी लाखो प्रमाणपत्रे बनावट निघाली. आणि खरे प्रमाणपत्र असले तरी ते कुठल्या तरी मोठ्या शहराजवळच्या कारखान्याचे. कागदावर बाटली परत गेली. आपल्या बांधावर ती आहे तिथेच आहे.

आमचाच खर्च वाढेल का?

काही मित्र विचारतात, कंपनीवर खर्च टाकला तर ती तो आमच्याच किमतीत लावेल, मग काय मिळवले?

प्रश्न योग्य आहे. उत्तर असे. तो खर्च आपण आजही भरतो आहोत, फक्त त्याची पावती मिळत नाही. तो मेलेल्या गाईत आहे, उतरलेल्या भावात आहे, वाया गेलेल्या दिवसात आहे. पावती नाही म्हणून तो कमी करायचे कारण कुणालाच नाही. तो किमतीत आला की दिसेल, आणि दिसला की ज्याचे बारदान कमी त्याचा माल स्वस्त पडेल. कंपनी स्वतःच खोका काढून टाकेल, पातळ थराऐवजी एका जातीचे प्लॅस्टिक वापरेल, लिटरभराची बाटली पुन्हा भरून देण्याचा विचार करेल. शिवाय सगळ्या मालाला ही पळवाट नाही. बीटी कपाशीच्या पाकिटाची कमाल किंमत 2016 पासून केंद्र सरकार ठरवते. तिथे मनाला येईल तसा भाव वाढवता येत नाही.

आम्ही सक्ती मागत नाही. तागाची सक्ती करा, कापडाची सक्ती करा, असेही म्हणत नाही. वस्तूच्या किमतीत तिचा कचरा उचलण्याचा खर्च धरा, एवढेच म्हणतो. तसे झाले की सुती पिशवी आपल्या बळावर प्लॅस्टिकच्या पिशवीसमोर उभी राहील. आणि सुती पिशवी कशाची होते, हे या मेळाव्यात सांगायची गरज नाही.

आपल्या हातातले

मागणी करण्याआधी जे आपल्या हातात आहे ते करू. कुणावर उपकार म्हणून नव्हे, आपला तोटा थांबवायला.

एक. वेचणीला खताचे पोते नको. पांढऱ्या सुती कापडाची ओटी आणि सुती चादर. जुने लुगडे चालेल, पण सुती असेल तरच. आजची बरीच लुगडी नायलॉनची आहेत आणि रंगीत धागाही तितकाच घातक. कापसाजवळ सुतळी नको, पुड्या नकोत. वेचणाऱ्या बायांना दोष देऊ नका. ओटीचे कापड मालकाने द्यावे.

दोन. औषधाची बाटली तीनदा विसळा. चौथाई पाणी भरा, टोपण लावा, अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी पंपातच ओता. विहिरीवर, नाल्यावर नाही. यात औषधही वाया जात नाही. त्याचे पैसे तुम्ही मोजलेले आहेत. मग बुडाला भोक पाडा आणि कुलपात वेगळी ठेवा.

तीन. उकिरड्यात प्लॅस्टिक जाऊ देऊ नका. घरात दोन जुनी पोती टांगा. एकात भंगारवाला नेतो ते, दुसऱ्यात तो नेत नाही ते. ओले सगळे उकिरड्यात. प्लॅस्टिक चुलीत किंवा अंगणात जाळू नका. तो धूर आधी चुलीपुढे बसणारीच्या छातीत जातो.

चार. भंगारवाल्याला हाकलू नका. त्याला बसायला जागा द्या, वेगळा केलेला कोरडा माल द्या. पुण्यात 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, कचरा वेचणाऱ्यांनी संघटना केली. 2008 पासून त्यांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा उचलायला सुरुवात केली. घराकडून सेवेचे पैसे आणि भंगाराचे पैसे, अशी त्यांची दुहेरी कमाई. जे काम त्या बायांनी शहरात उभे केले ते पाच-दहा गावे मिळून आपल्याला का जमू नये?

आपली मागणी

आता या मेळाव्यापुढे आम्ही ठराव ठेवतो.

बियाणे, औषध आणि खत विकणाऱ्या दुकानाने रिकामे बारदान परत घेतले पाहिजे. पावतीवर परतीचे ठिकाण छापलेले असावे.

औषधाच्या बाटलीवर परतीची अनामत असावी. बाटली परत आणली की पैसे हातात. सोड्याच्या काचेच्या बाटलीला हे जमत होते, तर विषाच्या बाटलीला का नाही?

2020 साली सुरू झालेल्या स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण दुसऱ्या टप्प्यात दर तालुक्याला प्लॅस्टिक कचऱ्याच्या केंद्रासाठी 16 लाखांपर्यंत रकमेची तरतूद होती. आपल्या तालुक्यात ते केंद्र कुठे आहे, किती दिवस चालले, काय उचलले, याचा जाब ग्रामसभेत आणि पंचायत समितीत विचारायचा. लेखी उत्तर मागायचे.

स्वच्छ कापसाला स्वच्छतेचा भाव वेगळा आणि जाहीर मिळाला पाहिजे. धागा सापडला की गाडीचा भाव उतरतो, तर धागा सापडला नाही की तो चढलाही पाहिजे.

आणि कार्यकर्त्यांनी पुढच्या मेळाव्याला येताना प्रत्येक गावातून एक पोते भरून आणावे. बाटल्या विसळलेल्या, भोक पाडलेल्या असाव्यात. ती पोती घेऊन आपण तालुक्याच्या ठिकाणी जाऊ, जिथून ती विकत घेतली त्या दुकानांपुढे ओळीने मांडू. मोडतोड करायची नाही, शिवी द्यायची नाही. एवढेच म्हणायचे: तुम्ही आमच्या ज्वारीचे बारदान वजा करत आलात. हे तुमचे बारदान. मोजून घ्या.

हा धागा आम्ही खिशात परत ठेवतो. स्वच्छ कापसाची पहिली गाडी पूर्ण भावाने विकली गेली, की तो त्याच ग्रेडरच्या हातावर नेऊन ठेवू.